उकळून बघितलंस?

तुझ्या नावात माणूस आहे.
कुपीवरच्या चिठ्ठीत तसं छापलंय: मानवी,
आणि खाली बारीक अक्षरांत:
माणसांसाठी वापरू नये.

दहा मायक्रोग्रॅम. म्हणजे डोळ्यांना काहीच नाही.
उर्वे कुपी उजेडाकडे धरते,
तळाशी काचेवरच्या श्वासाएवढं धुकं दिसतं
किंवा दिसल्यासारखं वाटतं.
उघडण्याआधी ती तुला गरगर फिरवून तळाशी बसवते,
नाहीतर झाकणाला चिकटून
चारशे युरो हवेत.

कुठल्याच माणसाच्या अंगात तू कधी नव्हतंस.
माणसाचं एक वाक्य कुणीतरी उतरवून घेतलं
आणि जंतूंच्या तोंडी दिलं,
आतड्यातल्या साध्यासुध्या जंतूंच्या.
त्यांनी रात्रभर पोपटपंची केली
अर्थ न कळता, लिटरमागून लिटर.
मग त्यांना फोडून, गाळून, धुऊन
तुला वेगळं काढलं,
गोठवून सुकवलं,
बर्फात घालून तार्तूला धाडलं.

निरोप तुझा एवढाच: आग लागली, धावा.
उर्वेला तो पाठ आहे.
नोव्हेंबर लागला की तिच्या उजव्या हाताची दोन बोटं
सकाळी पेला धरत नाहीत.
सांध्यात ना जखम ना जंतू,
तरी शरीर बंब घेऊन येतं
आणि पाण्याऐवजी रॉकेल ओततं.
आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.
एस्टोनियन भाषेत ही म्हण नाही,
पण बोटांना ती समजते.

खिडकीखाली एमायोगी, नावाचा अर्थच आई-नदी,
कडांना बर्फ धरू लागलंय.
आत सदतीस अंशांच्या उबेत पेशी,
कुण्या एका वर्षाच्या मुलाच्या रक्तातून
फार पूर्वी काढलेल्या.
त्याचं पुढं काय झालं ते चिठ्ठीवर नसतं.
त्यांच्यात काजव्याचा एक गुण घातलाय:
निरोप पोचला की उजळतात.

तीन महिने उजळल्या.
आलेख चढत गेला, भिंतीवर लागला.
मग कॉफीच्या खोलीत, काळ्या पावावर लोणी लावता लावता,
निवृत्तीला टेकलेला हेल्डुर म्हणाला,
उकळून बघितलंस?

तिचे कान लाल झाले.
कप न विसळताच उठली.

तरी संध्याकाळी, मजला रिकामा झाल्यावर,
तिनं तुझा थेंब उकळत्या पाण्यात धरला.
वीस मिनिटं.
अंड्यातलं पाणी पांढरं होतं तसं
तू आपली घडी विसरलंस.
आणि घडीच तर तू होतंस.
आता तुझ्याजवळ नुसती अक्षरं,
वाक्य मोडलेलं.

रात्री साडेअकराला पेशी उजळल्या.
तेवढ्याच.

म्हणजे ते तू नव्हतंस.
ज्यांच्या पोटात तू घडलंस
त्या जंतूंच्या सालीचं एखादं कुसळ,
धुऊन न सुटलेलं, उकळून न मरणारं,
तेच ओरडत होतं इतके दिवस
आणि आलेखावर नाव तुझं.
चोर सोडून संन्याशाला फाशी, असं आपण म्हणतो.
इथं उलटं. केलं चोरानं,
शाल-श्रीफळ संन्याशाला.

उर्वे आलेख काढायला जाते.
टाचणी घट्ट बसलीय, उजवा हात ऐकत नाही,
डाव्यानं ओढते.
कोपरा फाटतो.
वहीत तारीख घालते, लिहिते:
उकळलेलं. उजळलं.
शाई बदलत नाही, खाली रेघ मारत नाही.

तुझी उरलेली अर्धी कुपी
उणे ऐंशीच्या कप्प्यात परत जाते,
चिठ्ठीवर मानवी असं अजून आहेच.
दार लावताना उर्वे काहीतरी पुटपुटते,
तुला उद्देशून, की बोटांना,
कळायला मार्ग नाही.
माफ कर, असं असेल.
नाहीतर, थांब.