रिकाम्या पेटीची किल्ली

फादर एवाल्दो वर्षातून दोनदा येतात,
जुरुआला पाणी चढलं की एकदा,
ते उतरायच्या आत एकदा.
मी होडीवाला. डिझेल, मिठाची पोती, फादर,
सगळं एकाच भावानं वाहतो.

मधले महिने देवळाची किल्ली एरुंदिनाकडे,
आणि वेदीमागच्या त्या पितळी पेटीचीही,
जिच्यात देव ठेवतात.

एप्रिलच्या मिस्साला फादरांनी
तीनशे चकत्यांचा ख्रिस्तप्रसाद करून ठेवला.
जुलैपर्यंत पुरला. शेवटी शेवटी ती
एकेकीचे चार तुकडे करायची, नखाएवढे.
मग पेटी रिकामी झाली
आणि लाल दिवा तिनं स्वतःच फुंकर घालून विझवला.
तरी दर शनिवारी पेटी उघडायची,
मुंग्या झटकायची, पुसायची,
पुन्हा कुलूप.

गहू आमच्याकडे उगवत नाही.
उगवतो तो मंडिओकाचा कंद,
त्याचीच भाकरी, त्याचीच दारू.
पण नियम गव्हाचा आहे.
बिनबायकोचा पुरुषही
आमच्याकडे फारसा उगवत नाही.

सप्टेंबरात म्हातारा तेओदोमिरो पडला.
पोट मडक्यासारखं, डोळे पिवळे.
म्हणाला, फादरांना आणा, सांगायचंय.
मी निघालो. दोन दिवस होडी वाळूवरून ढकलली,
तिसऱ्या दिवशी परत फिरलो.
नदीच नव्हती, फादर कुठून आणू?

एरुंदिना त्याला म्हणाली,
माफ करायचा हक्क मला नाही.
तो म्हणाला, कान तर आहेत ना?

रात्रभर आत कुजबुज.
पहाटे ती बाहेर आली, चुलीपाशी बसली.
मी विचारलं, काय म्हणाला गं?
ती म्हणाली, कोण?

जानेवारीत फादर आले.
थडग्यावर पाणी शिंपडलं,
मग तिला बाजूला घेतलं, पण देऊळ फळ्यांचं,
फटीतून सगळं ऐकू येतं.
तू तेल लावलंस, असं लोक म्हणतात.
अंग दुखत होतं त्याचं, चोळलं.
कसलं तेल?
आन्दिरोबाचं. घरात दुसरं नव्हतं.
कपाळाला?
कपाळही दुखत होतं.
आणि शब्द? शब्द कोणते म्हणालीस?
झोप आता, म्हणाले.

बराच वेळ आतून काहीच नाही.
नुसते डास.

मिस्साला फादर बलिदानावर बोलले,
चांगलं बोलतात ते. पण मधेच थांबले,
चष्मा पुसला, आणि पुढचं वाक्य
त्यांना सापडलं नाही.
एरुंदिना मागे उभी होती,
कुणाचं तरी रडकं पोर खांद्यावर,
चकती वर उचलली तेव्हा
सगळ्यांबरोबर गुडघे टेकायचा प्रयत्न करत.
पोर सुटेना. उभीच राहिली.

फादरांनी एकदा सांगितलं होतं,
दीक्षेच्या दिवशी बिशपांनी त्यांच्या तळव्यांना तेल लावलं
आणि दोन्ही हात फडक्यानं बांधले.
ते फडकं आईनं जपलं.
बेचाळीस वर्षं. मेली तेव्हा
तिच्याच हाताभोवती बांधून पुरलं.
सांगताना मोजून सांगितलं, बेचाळीस.

परतीच्या वाटेवर वळणाशी
पंख्यात वेल अडकला, इंजिन बंद.
मी चाकू शोधेपर्यंत फादर वाकले,
बाह्या न सरसावता, आणि ओढायला लागले.
मी म्हटलं, राहू द्या, तुमचं काम नाही ते.
त्यांनी ऐकलं नाही.

वेल निघाला. हात कोपरापर्यंत काळे,
तेलानं चकाकणारे.
माझ्याकडे एक चिंधी होती, ती दिली.
त्यांनी पुसलं नाही.
चिंधी दोन्ही हातांभोवती गुंडाळली
आणि तसेच बसून राहिले,
मागच्या काठाकडे तोंड करून,
मी इंजिन चालू केलं तरी.