खालून दुसरी ओळ

सोमवारी डॉक्टरकडे जायचंय.
आज गुरुवार.
मीठ कमी, लोणचं वरच्या फळीवर, शेव बंद.
इंदुरात राहून शेव बंद!
सकाळी मल्हारगंजात कोरडे पोहे मागितले,
तर गाडीवाला हातातला झारा थांबवून म्हणाला,
काय बुळेसाहेब, घरात कुणी गेलं का?
मी जिरावण जरा जास्त मारून घेतलं.
त्यातही मीठ असतं,
पण ते रेवतीला माहीत नाही.

औषधाच्या दुकानात पोरानं दंडाला पट्टा गुंडाळला,
फुसफुस हवा भरली.
वरचा आकडा एकशे अठ्ठावन्न.
एवढी हवा टायरात असती
तर मी गाडी स्टँडबाहेर काढली नसती.

आमच्या घरात सरळ वीस फूट कुठेच नाहीत.
म्हणून रेवतीनं कॅलेंडरच्या पाठीवर काढलेला तक्ता
समोरच्या पिंपळखऱ्यांच्या दाराला टांगला
आणि मला उभं केलं आमच्या मोरीपाशी,
डाव्या डोळ्यावर स्टीलची वाटी.
मोठे दात वाचले. मधले वाचले.
त्याखाली मुंग्या.
गल्लीतली पोरं माझ्या आधी ओरडायची,
उजवं! खाली! वर!
रेवती त्यांना हाकलायची,
मी म्हणायचो, असू दे, खेळतायत.

शिवाय नेमाडेनं कागद दिला होताच.
तो मागच्या वर्षी पास झाला, त्याच खोलीत, त्याच तक्त्यावर.
खालून दुसरी ओळ:
उजवं, खाली, उजवं, वर, डावं.
ठिपक्यांतले आकडेही होते, बारा, आठ, चौऱ्याहत्तर.
लहानपणी एकोणतिसाचा पाढा कधी आला नाही,
हे मात्र दोन दिवसांत पाठ.
गिअर बदलताना ओठांवर तेच,
उजवं, खाली, उजवं, वर.

शुक्रवारी रात्री खंडव्याहून परतत होतो.
दारात नेहमीसारखा सुपडू.
बऱ्हाणपूरचा. अकरा वर्षं याच पायरीवर.
उस्ताद, गाय.
उस्ताद, ट्रॉली, दिवा नाही.
उस्ताद, वळण.
मला वाटायचं, सवय आहे त्याला, तोंड राहत नाही.
बडवाह मागे पडल्यावर सहज म्हणालो,
आज गप्प बस रे जरा. बघू.

तो गप्प बसला.
भेरूघाट चढून आलो तसाच.
मग समोरून एक ट्रक आला
आणि काच सगळी दुधाची झाली,
आणि त्या दुधातून
खरोखरचा एक दूधवाला निघाला,
सायकल हातात, दोन्हीकडे कॅन.
मला तो दिसला
आरशात. मागे.

सुपडूनं दांडा दोन्ही हातांनी धरला होता.
बोलला नाही.
मीच सांगितलं होतं ना.

सिमरोलला चहा घेतला.
ग्लास गार होईपर्यंत धरून ठेवला.
विचारलं, कधीपासून?
बशीत बघत म्हणाला,
दोन दिवाळ्या झाल्या, उस्ताद.

शनिवार, रविवार काय केलं, विचारू नका.
शेव खाल्ली.

सोमवारी डॉक्टरांनी शर्टाची बाही वर करायला लावली,
कानाशी घड्याळ धरलं, जीभ बघितली,
ठिपके दाखवले. चौऱ्याहत्तर खरंच दिसला.
मग माझ्या डाव्या डोळ्यावर पुठ्ठा.
खालून दुसरी ओळ?
नेमाडे खोटं बोलत नव्हता, तक्ता तोच असणार.
जिभेवर अख्खी ओळ उभी होती,
इंजिन चालू, हॉर्न देत.

पाठ आहे, मी म्हणालो,
दिसत नाही.

डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं.
बॅटरी मारून पाहिलं.
मोतीबिंदू म्हणाले, पिकलाय,
काढून घ्या, मग या.
फॉर्म फाडला नाही,
घडी करून माझ्याच खिशात ठेवला.

बाहेर ऊन मरणाचं.
सुपडू मोटरसायकलीला टेकून उभा होता,
हातानंच विचारलं, काय?
मी मान हलवली, ती कोणत्या बाजूला
मलाही नीट कळलं नाही.
तो धावत आला. कोपराला हात न लावता,
नेहमीच्या आवाजात म्हणाला,
उस्ताद, पायरी.

मी खाली बघितलं.
दोन होत्या.