अकरा सेकंद

ल्युब्ल्यानात, बॉयलरशेजारच्या तळघरात
आम्ही एका माहितीपटाला शब्द लावतो आहोत.
बावन्न मिनिटं, शाळांसाठी.
विषय: कार्स्टच्या गुहांतला तो फिकट प्राणी,
ज्याला इथले लोक माणूसमासा म्हणतात,
आणि जो पुरात वाहून बाहेर आला
की त्यांच्या पणजोबांना वाटायचं,
खाली कुठेतरी ड्रॅगनची मादी व्याली आहे.

माझं काम फटींचं.
निवेदक श्वास घेतो, तेवढ्यात
मी दृश्य आत सरकवते,
दाराखालून चिठ्ठी सरकवावी तसं.
तीन सेकंदांत सात शब्द बसतात.
आठवा निवेदकाच्या पायाखाली येतो.

मी लिहिलं होतं:
'बिचारा, गुलाबी, डोळे नसलेला, काळोखात पोहतो.'
विन्कोने हेडफोन एका कानावरून उचलला.
विन्को शाळेत भूगोल शिकवतो, जन्मापासून आंधळा.
म्हणाला, "गुलाबी राहू दे.
मुलं विचारतील कसला गुलाबी,
मी सांगेन, गरम पाण्यातून काढलेल्या बोटांसारखा.
पण बिचारा कशाला?
आणि त्याच्यापाशी काय नाही तेच मोजलंस.
काय आहे ते मोजून बघ."

मोजलं.
पुढच्या पायांना तीन बोटं, मागच्यांना दोन.
गळ्याशी लाल कल्ल्यांची झालर.
पाण्याचा वास घेत वळणारं डोकं.
'बिचारा' काढला, तेव्हा कुठे झालर मावली.

ब्रिनाचा कागद वेगळा.
एकोणीस वर्षांची, बहिरी,
पेन्सिल कानामागे खोचून येते.
पडद्याच्या तळाशी मी लिहिलं होतं 'संगीत'.
तिने खाली रेघ ओढली, समासात लिहिलं:
हे म्हणजे रिकाम्या ताटात
'जेवण' लिहिलेली चिठ्ठी वाढणं.

चौतिसाव्या मिनिटाला
गुहेतला वाटाड्या सगळे दिवे मालवतो.
अकरा सेकंद पडदा काळा.
नुसते थेंब.

"इथे गप्प बस," विन्को म्हणाला.
"बाकी अख्खी फिल्म तुम्ही मला तुमच्या घरी नेता,
एवढी अकरा सेकंदं माझ्याकडे येऊन बघा."

ब्रिनाने टेबलावर थाप मारली.
तिचे हात झरझर हलले,
दुभाष्या मारियान मागून धापा टाकत:
"मग मी कुठे जायचं?
मला वाटेल, यंत्र बंद पडलं.
माझ्यासाठी अक्षरं ठेवा."

अडला तो दिग्दर्शक.
कोपरहून फोनवर, धडधाकट कानांचा, डोळस:
"पांढऱ्या अक्षरांनी माझा काळोख फाटेल."
त्याचा काळोख!
विन्को इतका हसला
की मारियानला ते हसू हातांनी दोनदा सांगावं लागलं,
आणि दुसऱ्यांदा ब्रिनाही.

अक्षरं राहिली.
पण कोणती?
'थेंब पडतात,' मी म्हटलं.
ब्रिना: किती? कुठून? एकापाठोपाठ, की थांबून?
मला ठाऊक नव्हतं.
सतरा वेळा पाहिली होती मी ती फिल्म.

विन्कोने परत लावायला सांगितलं.
बोट टेबलावर ठेवून ऐकून बघितलं.
"तीन. पहिले दोन जवळ, पाण्यावर.
तिसरा लांब, दगडावर.
दुसऱ्यानंतर इतका वेळ जातो
की आता काही येणार नाही असं वाटतं."

त्याचं बोलणं मारियानच्या हातांत गेलं,
तिथून ब्रिनाच्या पेन्सिलीत.
मी खुर्ची जरा मागे घेतली.

पडद्यावर आता, काळ्यात:
'थेंब.'
'थेंब.'
मग सहा सेकंद काहीच नाही.
'दूर, दगडावर: थेंब.'

चारला फाइल पाठवायची होती.
माझ्या तक्त्यात ती ओळ रिकामी होती,
संगणकाने ती लाल केली,
विचारलं, वर्णन राहिलं आहे का?
मी टंकलं,
नाही. मुद्दाम.