उपाशीपोटी

बाहेर सत्तेचाळीस, आणि मी टाइल्सच्या दुकानात
बिलं करते स्वेटर घालून.
गिऱ्हाइकं हसतात. शमसा हसत नाही,
न विचारता एसीचं तोंड छताकडे वळवते.

दुपारी मी बर्फ खाते.
सरबतातला नव्हे, नुसता, ट्रेमधून काढून
दाढेखाली कडाकडा.
मस्कतमध्ये त्याचं कुणाला काही वाटत नाही.
उकाड्यावर खपून जातं सगळं :
धाप, झोप, जिन्यात मध्येच थांबून
काढलेला फोन, कुणाचाच नसलेला.
केसांचं खापर पाण्यावर.
समुद्राचं गोडं केलेलं, इथे सगळ्यांचेच जातात म्हणे.
न्हाणीच्या जाळीतला गुंता उचलताना
मीही तेच म्हणत होते.

आमच्या बिल्डिंगला मजले चार आणि वैद्य चौदा.
लिसम्मा शेवग्याचा पाला देते,
ताहिराबाजी रात्रभर भिजवलेले अंजीर,
शमसा काळं बी आणि डोंगरातला मध,
जो तिच्या पगाराला परवडत नाही
हे मला ठाऊक आहे, कारण पगारपत्रक मीच करते.
आणि आई.
आईने विलासभाऊजींच्या हाती
वीस किलोच्या बॅगेत तीन किलोची लोखंडी कढई पाठवली.
विमानतळावर उघडून दाखवावी लागली म्हणे,
आत अळिवाचे लाडू, बॉम्बसारखे, कापडात.
"हिच्यात माठ परत. वर लिंबू पिळ.
आणि खजूर खातंस मां? तुमच्या थंय तर स्वस्त."

खाते. आई, मी सगळं खाते.
कढई काळीभोर झाली, मी पांढरीच.

डॉक्टर इख्लास सुदानच्या.
खालची पापणी अंगठ्याने ओढून पाहिली त्यांनी,
मग गळ्यावर दोन बोटं ठेवून म्हणाल्या, गिळा.
तोंडात काही नव्हतं. तरी गिळलं.

फेरिटिन सहा. टीएसएच बावीस.
मी आकड्यांना घाबरत नाही,
पण हे माझ्याच खात्यातले होते.

"कढई ठेवा," त्या म्हणाल्या, हिंदी-इंग्रजीच्या खिचडीत,
"पण विहीर वाटीने भरत नाही.
आणि गळ्यातल्या ग्रंथीला खजूर कळत नाहीत."

पहाटे एक गोळी, उपाशीपोटी. चहा तासाभराने.
लोहाची त्यानंतर चार तासांनी,
दुधाचा-चहाचा वाराही न लागता.
दोघी जावा. एका पंगतीला बसायच्या नाहीत.

आईपासून लपवल्या मी गोळ्या.
व्हिडिओवर कढईच पुढे धरत राहिले.
तिसऱ्या महिन्यात ती म्हणाली,
"रंग इलो गो तुका. कढयेचो गुण."
मी हो म्हटलं. बर्फाचा ट्रे तेव्हा
आठवडाभर भरलेलाच होता.

रात्री झोप लागेना, आणि सुगंधामावशी आठवली.
मे महिन्यात गोधडी घेणारी,
चार वाजले तरी न उठणारी,
जिला नवऱ्याने माहेरी आणून सोडलं, आळशी म्हणून.
आणि आम्ही पोरं खिडकीतून म्हैस म्हैस ओरडायचो.
तिची मोहनमाळ नेहमी गळ्याला घट्ट.
खाली काय झाकत होती,
ते कुणी पाहिलं नाही. आईनेही.

"मावशीला कधी दाखवलं होतं का गं डॉक्टरला?"
पंख्याचा आवाज. मग,
"तेव्हा आमी तिका आळस म्हणायचो."

मग गोळ्यांच्या बाटल्या कॅमेऱ्यासमोर ठेवल्या, दोन्ही.
म्हटलं, आई, फोन खाली धर. गळा दाखव. गीळ.
"माका काय धाड भरली हा?" ती म्हणाली.
पण गिळलं.

आज सोमवार. इथे पहाटेचे पाच, तिथे साडेसहा.
खिडकीबाहेर रुवीचे डोंगर, गंजल्या रंगाचे,
एक झाड नाही अंगावर.
हातात पाण्याचा पेला, जिभेवर गोळी,
आणि फोनमध्ये तिचा दबका आवाज :
"कुडाळाक चललंय. रक्त देवक.
चाय पण घेवक नाय मी.
तुझ्या बापाशीक सांगूक नाय हा."