नसलेलं कडं

खाली टुसॉनमध्ये पारा एकशे नऊ.
स्टिअरिंग फडक्याने धरून
तासाभरात चढलो, निवडुंगापासून फरच्या झाडांपर्यंत.
म्हणजे मेक्सिकोपासून कॅनडा, रेफुहियो म्हणतो,
तेही अर्ध्या टाकीत.

त्याने तीस उन्हाळे इथले वणवे विझवले.
त्याच्या नावाचा अर्थ आसरा.
हे सांगताना तो हसत नाही.

वर राखीव जंगल. फलकावर खारीचं चित्र,
चित्राला गोळीची दोन भोकं.
वाळवंटाने डोंगराला चहूकडून घेतलंय
समुद्राने बेटाला घ्यावं तसं,
आणि दर वर्षी भरती थोडी वर येते.
ओक सरकले. पाईन सरकले.
फर आता माथ्यावर, टाचा उंचावून.
ह्याच्या वर फक्त आकाश,
आणि आकाशाला माती नसते.

मी गिरमिट लावते.
अडीचशे वर्षांतून पेन्सिलीएवढी वाट.
काडी निघते, राळेचा वास सुटतो.
कागदी नळीवर तारीख, उंची,
आणि कोपऱ्यात, कुणाला कळणार नाही असं, श्री.

प्रयोगशाळेत काडी घासायची, भिंगाखाली धरायची.
जाड कडं म्हणजे पडला. बारीक म्हणजे नाही.
त्र्याहत्तरचं कडं गुबगुबीत, तूप प्यायल्यासारखं.
त्या हिवाळ्यात ह्या माथ्यावर बर्फ मावला नव्हता.
त्याच हिवाळ्यात माण तालुक्यात
अकरा वर्षांची माझी आई
पाझर तलावावर घमेली वाहत होती
अमेरिकेहून आलेल्या लाल मिलोच्या भाकरीवर.
"घसा खरवडायची," ती सांगते. "पण होती."

एकच समुद्र. तिकडे पाठ, इकडे तोंड.

मी तिला कड्याचा फोटो पाठवला.
बराच वेळ दोन निळ्या खुणा नुसत्या.
मग म्हणाली, बरं झालं,
कुठंतरी पडला म्हणायचा.

दोन हजार दोनचं कडं मात्र नाहीच.
तीनदा मोजलं. शेजारच्या झाडांशी ताडलं.
(मी दहावीला होते. माझ्याकडे त्या वर्षाचा
शिक्का मारलेला कागद आहे.)
झाड त्या वर्षी जगलं, फक्त वाढलं नाही.
वहीत अशा वर्षापुढे शून्य घालतात.
वर्ष गाळायचं नाही.
एक गाळलं की मागची सगळी
एकेक घर खोटी होत जातात.

ह्या वर्षाचं कडं अजून सालीखाली ओलं.
त्याचं काय लिहायचं ते अजून कुणी सांगू शकत नाही,
मीही नाही, सरकारी खातंही नाही.

काल पुन्हा गेलो होतो. जुनी भोकं
झाडाने आपली आपण राळेने बुजवलेली.
उतरताना सात हजार फुटांवर कान दडे बसले,
पाच हजारावर एसी लावला.
रेफुहियो सारखा आरशात बघत होता.
धूर आहे का? मी विचारलं.
ढग, तो म्हणाला.
दोन वळणं गेल्यावर म्हणाला, बहुतेक.