फुंक

मोबाईलच्या दुकानात, काउंटरखालच्या खोक्यात मिळायची.
आंब्याची, पेरूची, एकदा तर बडीशेपेची.
बंदी आहे म्हणून दुकानदार आवाज हळू करायचा
आणि म्हणायचा, धूर नाय वो हा, नुसती वाफ,
भाताच्या भांड्यावरची असती तशी.

मी ताजुद्दीन नदाफ, ट्रम्पेटवाला.
माझा धंदाच फुंकायचा.
लाल कोट, खांद्यावर पिवळी झालर,
घोड्याच्या पुढं चालत
एका दमात सबंध ओळ.

मग दम मोजून यायला लागला.
दात घासायच्या आधी हात उशीखाली.
पेन सापडलं नाही की आईवर ओरडायचो.

हळदीच्या सौद्यांचे दिवस, यार्डाकडून पिवळी धूळ,
आणि माधवनगरात नवरीच्या दारात
सूर मधेच बसला.
आवळेमामांनी ढोल वाढवून झाकलं.
नाचणाऱ्यांना काय कळतंय.
टेम्पोत मामा एवढंच म्हणाले,
"वाजंत्र्याचं घर छातीत असतं, पोरा.
भाडेकरू कोण ठेवलायस?"

सिव्हिलच्या मागच्या अंगाला एक खोली आहे,
दोन खुर्च्या, एक पंखा, मगदूम मॅडम.
त्यांनी प्लास्टिकची नळी दिली. फुंका.
मी हसलो. मला शिकवता?
काटा अर्ध्यात चढला आणि थांबला.
मॅडम हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत.
म्हणाल्या, वाफेत निकोटिन असतं, आणि बरंच काही
जे आंब्याच्या चित्राखाली छापत नाहीत.
तिसरा दिवस वाईट जाईल. फोन करा.

तिसरा बरा गेला. चौथ्या दिवशी
डोकं ठणकत, हात थरथरत
आयर्विन पुलावर उभा, खिशात पेन.
मॅडमचा फोन लागेना. मामांना लावला.
ते सायकलवर आले. उपदेश नाही.
शेंगदाण्याची पुडी काढली. चावत बस.
पेन नदीत नाही टाकलं. मासे आधीच दमलेत.
दुसऱ्या दिवशी मॅडमच्या टेबलावर ठेवलं.

मे महिन्यात एकदा घसरलो. तेही सांगून ठेवतो.
मॅडमनी वहीत तारीख बदलली,
बाकी काही नाही.

आता रोज सकाळी एकच लांब सूर.
मामा घड्याळ धरतात.
काल एकोणीस सेकंद. पूर्वी अडतीस यायचे.
आत ओट्याशी आई
बशीतल्या चहावर फुंकर घालता घालता थांबते.
ऐकते की तीही मोजते,
विचारलं नाही अजून.