मौजा बोरडोह, रिठी

पटवारी हलका एकोणीस, तहसील कुही, जिल्हा नागपूर.
उत्तरेला नदीनं टाकून दिलेलं वळण,
पूर्वेला दुसऱ्या मौज्याचे धानाचे बांध,
दक्षिणेला पांदण, जी कुठंच जात नाही,
पश्चिमेला मी,
मोपेड स्टँडवर लावून, नकाशा उलटा धरून.

क्षेत्र दोनशे बारा हेक्टर. लोकसंख्या निरंक.
रिठी म्हणजे शीव आहे, चूल नाही असं गाव.
गट ग्रामपंचायतीच्या पाटीवर तीन नावं,
त्यातलं हे तिसरं, रंग उडालेलं.
वॉर्ड नाही, पंच नाही,
गृहकर थकवायला घर नाही.

सिव्हिल लाईन्सच्या रेकॉर्ड रूममध्ये
लाल कापडात बांधलेला बस्ता मिळाला होता,
मालगुजाराच्या वेळचा वाजिब-उल-अर्ज:
मोहफुलं त्याची, ज्यानं झाडाखालचा पाचोळा आधी झाडला.
तलावाची पहिली मासोळी बाळंतिणीच्या घरी.
वाद झाल्यास पाच जणांनी चिंचेखाली बसावं
आणि दिवस बुडायच्या आत उठावं.
खाली अंगठे. एकोणतीस.
मग मानमोडीची साथ.
पुढच्या पानावर अंगठे नाहीत,
कारकुनाची एकच ओळ: वस्ती उठली.

उठली! जशी पंगत उठते.

कोतवाल सुकदेव कुंभरे शिवेचा दगड दाखवतो,
आधी चप्पल काढतो.
"कोनी नाही जी इथं," म्हणतो,
"पन मॅडम, दगडावर पाय नोका देऊ."

गणनेच्या रात्री, नियमाप्रमाणे, बेघरांची मोजणी.
बॅटरी मारली तर चिंचेखाली झिबल नेवारे,
अठ्ठावीस बकऱ्या, एक घोंगडी,
चुलीचे तीन दगड.
घर? "हे काय ना जी." दगडांकडं बोट.
कधीपासून? "बकऱ्या आल्या तवापासून."
गावाचं नाव? तो माझ्याकडंच पाहत राहिला,
"कागद तं तुमच्यापाशी हाय."

मी लिहिलं: पुरुष एक. स्त्री निरंक.

तहसीलातून फॉर्म परत. लाल शाई:
रिठी मौज्यात एक? चूक दुरुस्त करून पाठवा.
साहेबांना काय सांगू,
त्या रात्री तिथं शंभर टक्के लोकसंख्या जागी होती,
तीच सरपंच, तीच विरोधी पक्ष,
आणि ठराव एकच,
लांडगा आला तर उठायचं कोणी.
एकमतानं मंजूर.

दोन दिवसांनी पुन्हा गेले.
झिबल सरकला होता दगडाच्या पलीकडं,
शेजारच्या मौज्यात, चार पावलं,
सावली तिकडं गेली म्हणून.
सुकदेव हसला. मला हसता आलं नाही,
त्या चार पावलांसाठी माझ्याकडं रकाना नव्हता.

मोपेडच्या सीटवर फॉर्म ठेवला.
एक तसाच राहू दिला. शेऱ्यात लिहिलं:
मोजणीच्या रात्री चूल गरम होती.
पेन संपत आलेलं.
शेवटचा शब्द दोनदा गिरवावा लागला.